स्वतःच्या गतीने म्हणजे कुणाच्या गतीने?

संगणकाचे शिक्षण आता घरबसल्या आणि फुकट मिळते, असे आपल्या मुलांना सर्रास सांगितले जाते. हे खोटे नाही. पण अर्धेच सत्य आहे.

अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठाच्या 'सीएस-५०' या प्रोग्रॅमिंगच्या प्राथमिक अभ्यासक्रमाचे उदाहरण घ्या. २०१२ मध्ये हार्वर्ड आणि एमआयटी या संस्थांनी मिळून 'एडएक्स' सुरू केले आणि त्याच वर्षी हा अभ्यासक्रम त्यावरून जगाला खुला झाला. प्रवेश परीक्षा नाही, डोनेशन नाही, कसला दाखला नाही. नांदेडच्या वसतिगृहातला विद्यार्थी प्रा. डेव्हिड मॅलन यांचे तेच व्याख्यान ऐकतो, जे हार्वर्डच्या सभागृहातला विद्यार्थी ऐकतो. ही लहान गोष्ट नव्हे.

या अभ्यासक्रमात शून्यापासून दहापर्यंत क्रमांक दिलेले अकरा 'आठवडे' आहेत. मात्र एक आठवडा सात दिवसांत संपवा, असे कुणी सांगत नाही. कुणाला दहा दिवस लागतात, कुणाला महिना. सुरुवात 'स्क्रॅच'ने, म्हणजे रंगीत ठोकळे जोडून होते. नंतर 'सी' भाषा, पुढे पायथॉन, एसक्यूएल आणि वेबसाइटची बांधणी. दर आठवड्याला एक लांबलचक व्याख्यान आणि त्यावर गृहपाठ. एका गृहपाठात हॅशची चिन्हे रचून मारिओच्या खेळातला पिरॅमिड उभारायचा, तर पुढच्या एकात मजकुरातील चुकीची स्पेलिंग शोधणारा प्रोग्रॅम लिहायचा. तपासणी संगणकच करतो आणि कुठे चुकले ते लगेच दाखवतो. चुकले तर पुन्हा पाठवा. वर्गात हसणारे कुणी नसते. प्रत्येक गृहपाठात किमान ७० टक्के गुण मिळवून शेवटी स्वतःचा प्रकल्प सादर केला की अभ्यासक्रमाचे प्रमाणपत्र विनामूल्य मिळते. एडएक्सचे प्रमाणपत्र हवे असल्यास मात्र पैसे मोजावे लागतात.

मग अडते कुठे? २०१९ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात हार्वर्ड आणि एमआयटीच्या ऑनलाइन अभ्यासक्रमांचा आढावा प्रसिद्ध झाला. २०१७-१८ मध्ये नाव नोंदवणाऱ्यांपैकी जेमतेम ३ टक्के विद्यार्थ्यांनी अभ्यासक्रम पूर्ण केला होता. काही जण नुसते डोकावायला येतात हे मान्य. पण विद्यार्थीसंख्येतील वाढही प्रामुख्याने संपन्न देशांतच झाली, असे त्याच आढाव्यात नमूद आहे. दार सर्वांना उघडे असले, तरी आत जाऊन शेवटपर्यंत टिकणारे कोण, हा प्रश्न उरतोच.

कारण 'स्वतःची गती' ही प्रत्येकाच्या घरच्या परिस्थितीवर ठरते. ज्याच्याकडे लॅपटॉप, स्वतंत्र खोली आणि रिकामी संध्याकाळ आहे, त्याची गती वेगळी. जो दिवसा कॉलेज करून रात्री दुकानात काम करतो, ज्या मुलीला आधी स्वयंपाक उरकावा लागतो, त्यांची गती वेगळी. मोबाइलवर व्याख्यान ऐकता येते, पण शंभर ओळींचा प्रोग्रॅम लिहिता येत नाही. त्यात सगळे इंग्रजीत. मुदतीचा धाक नसला की आजचा धडा उद्यावर जातो आणि उद्याचा कायमचा राहून जातो. दोष मात्र मुलांच्या आळसाला दिला जातो!

यावर उपाय आपल्या हाती आहे. वस्तीतल्या अभ्यासिकेत पाच-सहा मुलामुलींनी आठवड्यातून तीन संध्याकाळी ठरलेल्या वेळी एकत्र बसावे. प्रश्न कसा सोडवायचा यावर आपसात बोलण्यास या अभ्यासक्रमाच्या नियमांत मुभा आहे. दुसऱ्याचा प्रोग्रॅम उतरवण्यास किंवा चॅटजीपीटीकडून लिहून घेण्यास नाही. शिकून नोकरीला लागलेल्यांनी जुना लॅपटॉप द्यावा आणि महिन्यातून एक रविवारही द्यावा. ज्यांना तारखांचा धाक हवा, त्यांच्यासाठी केंद्र सरकारच्या 'स्वयम्'वर ठरलेल्या वेळापत्रकाचे आणि परीक्षेचे अभ्यासक्रम आहेत. शिवाय, कॉलेज सुटल्यावर कुलूपबंद होणारी संगणक प्रयोगशाळा रात्री आठपर्यंत उघडी ठेवा, ही मागणी विद्यार्थी संघटनांनी लावून धरली पाहिजे.

फुकट मिळालेले ज्ञान पदरात पाडून घ्यायला वेळ लागतो, जागा लागते आणि सोबत लागते. ती सोय हार्वर्ड करणार नाही. ती आपणच केली पाहिजे, आणि जिथे सरकारची जबाबदारी आहे तिथे सरकारला करायला भाग पाडले पाहिजे.