तंट्यातला मधला माणूस
मुंबई सरकारने १९२१ साली ‘लेबर ऑफिस’ सुरू केलं. तंटे समेटाने मिटवण्याचा कायदा १९३४ मध्ये आला, तो गिरणी कामगारांसाठी. आज महाराष्ट्रात हे काम कामगार आयुक्तालय करतं. तिथला समेट अधिकारी निकाल देत नाही, हे आधी समजून घ्यावं. तो मालक आणि युनियनला समोरासमोर बसवतो, तारखा देतो, तडजोड सुचवतो. त्याच्यापुढे झालेला करार मात्र पक्का असतो: युनियनचे सभासद नसलेल्यांना, पुढे नोकरीला लागणाऱ्यांनाही तो लागू होतो. शिवाय बोलणी सुरू असताना तंट्यातल्या कामगारांच्या सेवाशर्ती मालकाला लेखी परवानगीशिवाय त्यांचा तोटा होईल अशा बदलता येत नाहीत. माझ्या मते हे संरक्षण फार मोलाचं आहे, आणि नेमकं तेच अनेक कामगारांना कुणी सांगत नाही.