अंधांसाठी पादचारी मार्गदर्शन

अंध वा अल्पदृष्टी व्यक्तीस पायी चालत असता तिचे स्थान, दिशा व पुढील वळण ध्वनीने किंवा स्पर्शाने कळविणारी व्यवस्था. अलीकडे या कामी मुख्यतः भ्रमणध्वनीवरील नकाशाची ॲप वापरली जातात.

अंध पादचाऱ्यापुढे दोन भिन्न प्रश्न असतात : पुढच्या पावलाखाली काय आहे आणि इष्ट स्थळ कोणीकडे आहे. पहिल्याचे उत्तर पांढरी काठी देते. ब्रिस्टल येथील जेम्स बिग्ज यांनी १९२१ मध्ये वाहनचालकांना दिसावी म्हणून आपली काठी पांढरी रंगविली. लांब काठी डावी-उजवीकडे फिरवीत चालण्याची पद्धत रिचर्ड हूव्हर यांनी दुसऱ्या महायुद्धात अंध झालेल्या अमेरिकन सैनिकांसाठी सिद्ध केली. दिल्लीच्या आय्.आय्.टी.ची ‘स्मार्टकेन’ श्राव्यातीत तरंगांच्या साह्याने गुडघ्यावरचे अडथळेही कंपनाद्वारे कळविते.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर उपग्रहांवरून मिळू लागले. नागरी संकेतांत हेतुपुरस्सर मिसळलेली अशुद्धी अमेरिकेने २००० साली काढून टाकली. २००९ मध्ये आयफोन व अँड्रॉइड या दोहोंत पडद्यावरील मजकूर वाचून दाखविण्याची सोय झाली. गूगल मॅप्सने २०१९ मध्ये पायी चालणाऱ्यांसाठी सविस्तर ध्वनिसूचना प्रथम अमेरिकेत इंग्रजीतून व जपानमध्ये जपानीतून सुरू केल्या. मायक्रोसॉफ्टचे ‘साउंडस्केप’ (२०१८) इष्ट स्थळाचा आवाज त्या-त्या दिशेने कानी पाडीत असे. २०२३ मध्ये कंपनीने ते बंद केले व त्याची आज्ञावली सर्वांस खुली केली.

मोकळ्या आकाशाखाली भ्रमणध्वनीने दर्शविलेल्या स्थानात सुमारे ५ मी. चूक राहते, उंच भिंतींच्या बोळात संकेत परावर्तित होऊन ती वाढते. मोटारचालकाला ही चूक जाणवतही नाही. अंधाच्या बाबतीत मात्र आपण रस्त्याच्या कोणत्या कडेला आहोत, हेच त्यामुळे अनिश्चित होते.

लातूरची गंजगोलाई हे या अडचणीचे उत्तम उदाहरण होय. वर्तुळाकार बाजारपेठेच्या मध्यभागी जगदंबेचे मंदिर असून तेथे १६ रस्ते येऊन मिळतात. दोन लगतच्या रस्त्यांत सरासरी साडेबावीस अंशांचे अंतर पडते. लोखंडी दारे व वाहने यांच्या सान्निध्यात भ्रमणध्वनीतील होकायंत्र सहज तितके चुकू शकते. मग ‘उजवीकडे वळा’ ही सूचना निरर्थक ठरते. शिवाय वर्तुळाच्या कडेने चालताना वळल्याची जाणीव पायांना होत नाही. येथे नाक यंत्राहून भरवशाचे. निरनिराळ्या रस्त्यांवर सराफी, पादत्राणे, मिरची, गूळ यांचे बाजार वेगवेगळे वसलेले आहेत. मिरचीचा खाट आणि गुळाचा वास या पक्क्या खुणा होत. 

नांदेड येथे २००८ च्या गुरु-ता-गद्दी त्रिशताब्दीच्या सुमारास अनेक रस्ते रुंद झाले. रुंद रस्ता म्हणजे ओलांडण्यास लांब रस्ता. नकाशाचे ॲप रस्त्याची मध्यरेषा जाणते. पदपथ कोठे तुटतो, गटारावरची फरशी कोठे निघाली आहे किंवा हातगाडी कोठे उभी आहे, हे ते जाणत नाही. ओपनस्ट्रीटमॅप (२००४) या लोकसहभागातून घडणाऱ्या नकाशात पदपथ व स्पर्शफरशी नोंदविता येतात. पण नोंदी करणारे हात हवेत. स्पर्शफरशीची कल्पना जपानच्या सेइइची मियाके यांची. १९६७ मध्ये ओकायामा येथे ती प्रथम बसविण्यात आली.

भाषेचाही प्रश्न आहे. आवाज इंग्रजी ठेवल्यास गल्ल्यांची नावे ओळखू येत नाहीत. मराठी आवाज उपलब्ध आहे. तथापि आपल्याकडे पत्ता ‘दवाखान्याच्या अलीकडे, वडाच्या समोर’ असा सांगतात आणि यंत्र मीटर मोजते.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ याने सार्वजनिक स्थळे व माहिती-तंत्रज्ञान सुगम करण्याची जबाबदारी शासनावर टाकली. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२५ मध्ये अंकीय सेवांची सुगमता ही जीविताच्या मूलभूत हक्काचा भाग ठरविली. २०११ च्या जनगणनेनुसार भारतात दृष्टिबाधितांची संख्या सुमारे ५० लाख होती.

ॲप वापरणाऱ्याने दोन्ही कान झाकू नयेत, कारण वाहन कोठून येत आहे हे कानच सांगतात. याकरिता हाडांतून ध्वनी पोहोचविणारी श्रवणिका सोयीची पडते. नवा मार्ग प्रथम डोळस सोबत्याबरोबर काठीने चाचपून पाठ करावा व नंतरच ॲपच्या साह्याने एकट्याने जावे.