गुण बेताचे, तरी वाट मोकळी

अमेरिकेत डॉक्टर होण्याच्या दोन पदव्या आहेत: एम.डी. आणि डी.ओ. डी.ओ. म्हणजे ऑस्टिओपॅथीची पदवी. तिचे पहिले कॉलेज १८९२ मध्ये मिझुरी राज्यात निघाले. नाव ऐकून आपल्याकडे हाडवैद्य आठवेल. पण तिथला डी.ओ. औषधे लिहून देतो, शस्त्रक्रियाही करतो.

पदवीनंतर रेसिडेन्सी हवीच. मुलाखतींनंतर विद्यार्थी आणि रुग्णालये आपापला पसंतीक्रम देतात व संगणक जोड्या जुळवतो. यालाच ‘मॅच’ म्हणतात. २०२४ मध्ये डी.ओ.च्या शेवटच्या वर्षातील सुमारे ९२ टक्के विद्यार्थ्यांना यातून जागा मिळाली.

मग बेताच्या गुणांचे काय? २०२२ पासून पहिल्या टप्प्याची परीक्षा फक्त पास-नापास झाली. त्यामुळे दुसऱ्या टप्प्याच्या गुणांना वजन आले. त्वचारोग, अस्थिशल्य अशा शाखांत कमी गुण आडवे येतात. फॅमिली मेडिसिन, इंटर्नल मेडिसिन, बालरोग येथे मात्र संधी बरीच असते.

अशा विद्यार्थ्याने डी.ओ. डॉक्टरांना नेहमी घेणाऱ्या ठिकाणी भरपूर अर्ज करावेत. पसंतीक्रम मात्र मनापासून लावावा. आवडती जागा वर ठेवल्याने खालची हातची जात नाही. मॅच हुकला, तर त्याच आठवड्यात उरलेल्या जागांसाठी अर्ज करता येतो.

परदेशी शिकणाऱ्या मुलाला घरून फोन जातो, तेव्हा पहिला प्रश्न बहुधा ‘सर्जन होणार ना?’ हाच असतो. तो विचारू नका. गावचा फॅमिली डॉक्टर होणे ही हार नव्हे. लोकांना रोज लागतो तो हाच डॉक्टर.