लहान मत्स्यालय आणि मोठे गाळणयंत्र

४५ सेंटिमीटर लांब, ३० सेंटिमीटर रुंद व तितकीच खोल अशी काचपेटी म्हणजे जेमतेम ४० लिटर पाणी. तीत पाणवनस्पती लावून चार लहान मासे सोडले, की हौशी गृहस्थाच्या मनात विचार येतो : पेटीबाहेर ठेवावयाचे बंद डब्याचे गाळणयंत्र, ज्यास बाजारात कॅनिस्टर फिल्टर म्हणतात, ते घ्यावयाचेच तर मोठे का घेऊ नये? ताशी १००० लिटर पाणी फिरविणाऱ्या यंत्राने पाणी अधिक शुद्ध राहील, हा हिशेब वरवर बिनतोड दिसतो. तो अर्धाच खरा आहे.

गाळ अडविणे हे या यंत्राचे दुय्यम काम होय. माशांच्या उत्सर्गातून विषारी अमोनिया निर्माण होतो. डब्यातील स्पंज व सच्छिद्र खडे यांवर वस्ती करणारे सूक्ष्मजंतू त्याचे प्रथम नायट्राइटमध्ये व मग नायट्रेटमध्ये रूपांतर करतात. या जंतूंची संख्या डब्याच्या आकारावर नव्हे, तर उपलब्ध अमोनियावर ठरते. पंक्तीस शंभर पाट मांडले, म्हणून चार जेवणाऱ्यांचे शंभर होत नाहीत. शिवाय वनस्पती स्वतःच अमोनिया शोषून घेतात. मोठ्या डब्याचा खरा लाभ एवढाच, की तो लवकर तुंबत नाही.

हानी होते ती प्रवाहाने. डबा भरल्यावर व पाणी वर चढवावे लागल्यावर यंत्राची प्रत्यक्ष गती छापील आकड्याहून बरीच उतरते. तरीही ती लहान पेटीस फार होते. कोवळी रोपे उपटतात, संथ पाण्यातील बेटासारखा मासा पोहूनच थकतो. पृष्ठभाग सतत खळबळल्याने वनस्पतींसाठी सोडलेला कार्बन डायऑक्साइड हवेत निघून जातो. बीदरजवळ नौबाद येथील बहामनी काळातील भूमिगत करेझमध्ये जांभ्या दगडातून झिरपलेले पाणी हलक्या उतारावरून वाहते. पेटीतही धावपळीची गरज नसते.

म्हणून बाहेर पडणाऱ्या नळीवरील तोटी थोडी आवळावी. आत ओढणारी नळी मात्र कधीही आवळू नये. पंपास पाणी अपुरे पडून तो हवा ओढू लागतो. छिद्रांची आडवी नळी काचेकडे वळविली की वेग मोडतो. आत ओढणाऱ्या तोंडास स्पंज बसविला, तर पिले आत खेचली जात नाहीत.

कलबुर्गीचा उन्हाळा हा निराळाच प्रश्न आहे. पारा ४० अंशांपुढे जातो, आणि मोठ्या पंपाची उष्णता थोड्या पाण्यात उतरते. २० अंशांच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो. ३० अंशांस साडेसातच. अशा दिवसांत पृष्ठभागाची थोडी हालचाल उपकारकच ठरते, मग कार्बन डायऑक्साइड गेला तरी चालेल.

वीज गेल्यावर बंद डब्यातील जंतू उरलेला प्राणवायू संपवितात. काही तासांनी वीज आल्यावर ते कुजके पाणी तसेच पेटीत सोडू नये. डबा उघडून आतील पाणी फेकावे आणि स्पंज पेटीतून काढलेल्या पाण्यात खळबळावा. नळाच्या पाण्यात नव्हे, कारण त्यातील क्लोरीन जंतूंना मारते.

शोभेसाठी शहाबादी फरशीचे तुकडे पेटीत ठेवण्याचा मोहही टाळावा. तो चुनखडीचा दगड आहे. कार्बन डायऑक्साइड सोडलेल्या पाण्यात तो हळूहळू विरघळतो व पाणी जड करतो. तेथे कोणतेही गाळणयंत्र उपयोगी पडत नाही.