शब्दांची चाळणी

दिवेलागणीच्या सुमारास आपल्यापैकी पुष्कळांच्या घरांत आता एक देखावा दिसतो. मुलगा कोपऱ्यात बसलेला, कानांवर हेडफोन, हातात मोबाइल. घरातल्या माणसांशी अक्षरही न बोलता तो मोठमोठ्याने बोलत असतो. ‘मागून ये’, ‘घरात दोघे आहेत’, ‘मार, मार त्याला’. हे बोलणे चालते त्याच्या खेळातल्या तीन गड्यांशी. त्यांतला एक शेजारच्या इमारतीतला असेल, एक नागपूरचा असेल. चौथा कोण आणि कुठला, हे मुलालाही ठाऊक नसते. मध्येच त्याचा चेहरा उतरतो आणि तो हेडफोन काढून ठेवतो. काय झाले म्हणून विचारले, तर ‘काही नाही’ एवढेच उत्तर मिळते. त्या क्षणी त्याच्या कानांवर काय आदळले, हे आपल्याला कळत नाही.

मैदानावरच्या खेळांत शिवीगाळ नव्हती, असे आम्ही म्हणणार नाही. विटीदांडूच्या डावात बापजाद्यांचा उद्धार होतच असे. पण शिवी देणारा गल्लीतला असे, त्याचे घर माहीत असे, आणि वर गॅलरीत एखादे आजोबा बसलेले असत. त्यांनी ‘कोण रे तो?’ एवढे विचारले, की आवाज खाली येई. संगणकावरील खेळांत हजारो अपरिचित माणसे टोपणनावांनी एकत्र येतात. तेथे घर नाही, गल्ली नाही आणि गॅलरीही नाही. त्या आजोबांच्या जागी कोणाला बसवावे, हा प्रश्न खेळ बनविणारे लोक गेली कित्येक वर्षे सोडवीत आहेत. त्यांनी काय काय करून पाहिले, त्यात कोठे यश आले आणि कोठे हात टेकावे लागले, ते येथे पाहावयाचे आहे.

प्रारंभीच एक गोष्ट लक्षात घेतली पाहिजे. या खेळांतून बोलणे साफ काढून टाकता येत नाही, कारण बोलणे हा त्यांचा प्राण आहे. इंग्लंडमधील एसेक्स विद्यापीठात १९७८ साली रॉय ट्रबशॉ आणि रिचर्ड बार्टल या विद्यार्थ्यांनी अनेकांनी एकाच वेळी खेळावयाचा एक खेळ रचण्यास आरंभ केला. त्याला ‘मड’ असे नाव होते. त्यात चित्रे नव्हतीच. सारा खेळ लिहिलेल्या शब्दांत चाले. आजच्या खेळांत चित्रे आली, आवाज आले. पण चौघांनी मिळून लढावयाचे, तर शत्रू कोठे आहे हे सांगावेच लागते. तेव्हा बोलणे ठेवून त्यातील घाण तेवढी वेगळी काढावयाची, असे हे काम आहे.

पहिला उपाय कोणालाही सुचेल असा आहे. वाईट शब्दांची यादी करावयाची आणि प्रत्येक संदेश तिच्याशी ताडून पाहावयाचा. यादीतला शब्द सापडला, की संदेश अडवावयाचा किंवा त्या शब्दाच्या जागी फुल्या घालावयाच्या. ‘रोब्लॉक्स’ नावाच्या, मुलांत फार लोकप्रिय असलेल्या खेळात अशा ठिकाणी आडव्या-उभ्या रेघांच्या चौकटींची एक रांग उमटते. यादीत हजारो शब्द आणि दर क्षणाला हजारो संदेश. मग हे जमते कसे? यासाठी आल्फ्रेड आहो आणि मार्गारेट कोरासिक यांनी १९७५ साली प्रसिद्ध केलेली एक युक्ती फार उपयोगी पडते. मुळात ती ग्रंथसूचीतील शब्द शोधण्याकरिता काढलेली होती. यादीतले सारे शब्द एका झाडाच्या फांद्यांसारखे मांडावयाचे. ज्यांचा आरंभ सारखा, त्यांचे खोड एक. पुढची अक्षरे बदलली, की फांद्या फुटतात. मग संदेश पहिल्या अक्षरापासून शेवटपर्यंत एकदाच वाचावयाचा आणि प्रत्येक अक्षरागणिक कोणत्या फांदीवर आलो ते पाहावयाचे. मागे फिरून पुन्हा वाचावे लागत नाही. यादी दसपट वाढली, तरी वाचण्याचा वेळ फारसा वाढत नाही. तेव्हा वेगाची अडचण मुळीच नाही. अडचण आहे ती भाषेची.

१९९६ साली अमेरिका ऑनलाइन या कंपनीच्या चाळणीने इंग्लंडमधील स्कन्थॉर्प गावच्या रहिवाशांना आपले खाते उघडू दिले नाही. कारण काय, तर त्या गावाच्या इंग्रजी नावात, दुसऱ्या अक्षरापासून पाचव्यापर्यंत, एक अत्यंत असभ्य शब्द दडलेला आहे. गावाने कोणाचे काय बिघडविले होते? पण यंत्राला गाव कळत नाही, अक्षरे कळतात. हे उदाहरण ऐकून हसू येते. पण ते आपल्यापासून दूर नाही. ‘दीक्षित’ हे आडनाव रोमन अक्षरांत पुष्कळजण ज्या रीतीने लिहितात, त्यातील शेवटची चार अक्षरे म्हणजे विष्ठेसाठी इंग्रजीत वापरला जाणारा अपशब्द होय. ‘शिट्टी’ या आपल्या निरुपद्रवी शब्दाची तीच गत. ‘फुकट’ हा शब्द रोमन लिपीत लिहिला, की त्याची पहिली तीन अक्षरे आणखी एका इंग्रजी शिवीचे अपभ्रष्ट रूप होतात. बापजाद्यांपासून चालत आलेले आडनाव लिहावे आणि ‘हे नाव असभ्य आहे’ असे उत्तर मिळावे, याचा अपमान केवढा असेल, याची कल्पना करावी.

उलटपक्षी, ज्याला शिवी द्यावयाचीच आहे, तो यादीला बधत नाही. तो अक्षराच्या जागी त्यासारखा दिसणारा अंक घालतो, दोन अक्षरांत टिंब किंवा मोकळी जागा सोडतो, एकच अक्षर पाच वेळा लिहितो. रशियन लिपीतील काही अक्षरे डोळ्यांना इंग्रजीसारखीच दिसतात, पण संगणकाला ती सर्वस्वी वेगळी असतात; हा लबाड माणूस तीही वापरतो. म्हणून संदेश तपासण्यापूर्वी तो एकसाच्यात आणावा लागतो: अंकांची अक्षरे करावयाची, टिंबे काढावयाची, जागा मिटवावयाच्या. पण जागा मिटविल्या, की दोन सभ्य शब्दांच्या सांध्यावर तिसराच असभ्य शब्द तयार होतो. चाळणीची भोके बारीक केली तर दाणे अडतात, मोठी ठेवली तर खडे पडतात. हा पेच शब्दांच्या यादीने सुटण्याजोगा नाही.

म्हणून काहींनी उलट मार्ग धरला. वाईट शब्द अडविण्याऐवजी फक्त चांगले तेवढेच बोलू द्यावयाचे! डिस्ने कंपनीने लहान मुलांसाठी ‘टूनटाऊन’ नावाचा खेळ २००३ साली सुरू केला. तो २०१३ पर्यंत चालला. त्यात मुलांना कंपनीने आधीच लिहून ठेवलेल्या वाक्यांतून निवड करावी लागे. एकेक निर्दोष शब्द निवडून वाक्य जुळवू द्यावे, अशीही एक योजना त्यापूर्वी निघाली होती. तिची परीक्षा एका चौदा वर्षांच्या मुलाकडून घेण्यात आली. त्याने थोड्याच वेळात जिराफ आणि ससा अशा गोजिरवाण्या शब्दांतून इतके अश्लील वाक्य तयार केले, की ती योजना गुंडाळून ठेवावी लागली. या मंडळींत असलेले रॅन्डी फार्मर यांनी ही हकीगत लिहून ठेवली आहे.

त्यांनीच सांगितलेली दुसरी हकीगत अधिक बोधप्रद आहे. टूनटाऊनमध्ये मोकळेपणाने बोलण्यासाठी एक गुप्त संकेतांक लागे. प्रत्यक्षात ओळख असलेल्या मुलांनी तो खेळाबाहेर एकमेकांना सांगावा, अशी अपेक्षा होती. मुलांनी काय करावे? ती खेळातल्या आपल्या घरी नव्या दोस्ताला बोलावीत, आणि भिंतीवरच्या तसबिरी किंवा जमिनीवरचे सामान सरकवून त्यांतून एकेक आकडा काढून दाखवीत. समोरचा तो कागदावर टिपून घेई. एक शब्दही न बोलता सारा संकेतांक पोहोचता होई! आम्हांस या मुलांचे कौतुक वाटते आणि काळजीही वाटते. कारण जी वाट दोन मित्रांना सापडली, ती वाईट हेतूने आलेल्या परक्या प्रौढालाही सापडू शकते. सांगणारा आणि ऐकणारा यांचे मन जुळले, की अर्थ कोणत्याही खुणेतून वाहतो.

तिसरा मार्ग यंत्राला शिकविण्याचा आहे. येथे शब्दांची यादी नसते. माणसांनी तपासून ‘हे चालेल’, ‘हे चालणार नाही’ असे शेरे मारलेली असंख्य वाक्ये यंत्राला दाखवितात आणि त्यांवरून ते नव्या वाक्याची जोखीम किती, याचा अंदाज बांधते. ‘मारून टाक’ हे वाक्य खेळात शत्रूबद्दल आले तर ती केवळ सूचना होय. हरलेल्या मुलाला उद्देशून ‘जाऊन मर’ म्हटले तर ती निराळी गोष्ट. हा भेद यादीला कळत नाही, शिकविलेल्या यंत्राला पुष्कळदा कळतो. कॅनडातील ‘क्लब पेंग्विन’ या मुलांच्या खेळात सुरक्षिततेचे काम केलेले ख्रिस प्रीब यांनी पुढे ‘टू हॅट’ ही कंपनी काढून याच धंद्याला वाहून घेतले. २०२१ साली ती मायक्रोसॉफ्टने विकत घेतली. २०२३ साली ‘कॉल ऑफ ड्यूटी’ या युद्धखेळात प्रत्यक्ष आवाजातील बोलणे ऐकणारे यंत्र बसविण्यात आले. ते शिक्षा करीत नाही. संशयित बोलण्याची नोंद करून कंपनीकडे पाठविते.

या यंत्राने प्रथम इंग्रजी ऐकावयास घेतले, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे. ज्या भाषेत उदाहरणे विपुल, त्या भाषेत यंत्र शहाणे. आपली मुले खेळताना मराठी लिहितात ती बहुधा रोमन लिपीत, निम्मी हिंदी-इंग्रजी मिसळून. ‘नाही’ हा एक शब्द चार मुले चार तऱ्हांनी लिहितील. त्यातून आपल्या भाषेच्या खाचाखोचा पाहा. ‘तुझ्या आईला’ हे दोन शब्द घ्या. पुढे ‘नमस्कार सांग’ आले तर तो विनय झाला. पुढे काहीच न येता वाक्य तेथेच तुटले, तर ती शिवी झाली, आणि ऐकणाऱ्याला ती पुरी ऐकू येते! न उच्चारलेला शब्द कोणत्या चाळणीने अडवावा?

याहून गंभीर प्रश्न जातिवाचक शब्दांचा आहे. एखाद्या जातीचे नाव एका तोंडी स्वतःची ओळख असते, कधी अभिमानाची. दुसऱ्या तोंडी तेच नाव दुसऱ्याला हिणविण्याचे शस्त्र होते. शब्द बंद केला, तर ज्याचा अपमान होतो त्याचीच ओळख सांगण्यास बंदी होते; मोकळा सोडला, तर अपमान करणाऱ्याला मोकळीक मिळते. असा निवाडा परदेशातील कार्यालयात बसून, आपला समाज न जाणता, नीट कसा होणार? शिवाय खेळ हा खाजगी कंपनीच्या मालकीचा. यादीत काय आहे हे ती सांगत नाही आणि खेळाडूला तिच्या निर्णयाविरुद्ध दाद मागण्यास फारशी जागा नसते. तेव्हा ही चाळणी अधिक कडक करा, एवढीच मागणी करून भागणार नाही. ती आपल्या भाषेच्या जाणत्यांनी तपासलेली असावी आणि चूक झाल्यास ऐकून घेणारे माणूस तेथे असावे, अशीही मागणी आपण केली पाहिजे.

आता चौथ्या मार्गाकडे वळू. ‘लीग ऑफ लेजेंड्स’ हा खेळ २००९ साली निघाला. त्याची मालक कंपनी रायट गेम्स हिने मानसशास्त्र जाणणाऱ्या मंडळींना हाताशी धरून काही प्रयोग केले. शिवीगाळ मूठभर गुंडच करीत असतील, असा सर्वांचा समज होता. परंतु पाहणीत असे आढळले, की नेहमी वाईट वागणाऱ्यांचा वाटा सुमारे १३ टक्केच होता. उरलेले सुमारे ८७ टक्के गैरवर्तन एरवी बऱ्या वागणाऱ्या माणसांकडून घडत होते. दिवस वाईट गेलेला, डाव हातचा गेलेला, तोंडातून शब्द सुटला, असा हा प्रकार. मग त्यांनी एक साधी गोष्ट केली. प्रतिपक्षाशी बोलण्याची सोय बंद ठेवली. ज्याला हवी त्याने आपल्या हाताने ती सुरू करावी. कोणालाही मनाई केली नाही. एवढ्यानेच आठवड्याभरात त्या संभाषणातील वाईट बोलणे ३० टक्क्यांहून अधिक घटले आणि चांगले बोलणे सुमारे ३५ टक्क्यांनी वाढले. राग आणि जीभ यांच्यामध्ये एक लहानसा उंबरठा घातला, त्याचा हा परिणाम.

‘ओव्हरवॉच’ या खेळाने २०१६ साली विनोदाचा आश्रय केला. जिंकल्यावर हरलेल्यांना ‘जीजी ईझी’, म्हणजे ‘खेळ छान झाला, सोपाच गेला’, असे खिजविण्याची खेळाडूंत खोड होती. त्यात एकही असभ्य शब्द नाही. यादी तेथे लंगडी पडते. कंपनीने असे केले, की कोणी हे लिहिले, की इतरांना त्याच्या नावाने भलतेच वाक्य दिसावे: कधी स्वतःच्या न्यूनगंडाची कबुली, तर कधी झोपेची वेळ टळून गेली, आईला सांगू नका, अशी विनवणी! खिजविणाऱ्याचेच हसे झाले.

या साऱ्या खटाटोपाची गरज काय, खेळच तो, असे कोणी म्हणेल. पण याची किंमत कोण देतो ते पाहावे. कित्येक मुली खेळताना आपला आवाज बंद ठेवतात. आवाजावरून मुलगी आहे हे कळले, की पुढे काय ऐकावे लागेल हे त्यांना अनुभवाने ठाऊक असते. खेळातले अर्धे बळ बोलण्यात असते, म्हणजे त्या निम्म्या बळाने खेळतात. आणि हे कोणत्याही नोंदीत दिसत नाही. जो शिवी देतो त्याची नोंद होते. जी बोललीच नाही तिची नोंद कोण ठेवणार?

आमच्या मते चारही मार्गांचा निष्कर्ष एकच आहे. चाळणी शब्द अडवू शकते, हेतू अडवू शकत नाही. ती नको असे आम्ही म्हणत नाही. लहान मुलांसाठी ती अवश्य हवी. परंतु गॅलरीतल्या आजोबांना शब्दांची यादी पाठ नव्हती. त्यांना मुले ठाऊक होती आणि मुलांना ते ठाऊक होते. ते काम पुरतेपणी यंत्रावर सोपविता येणार नाही. नको त्या माणसाचा आवाज बंद करण्याची आणि तक्रार नोंदविण्याची कळ बहुतेक खेळांत असते; ती कोठे आहे, हे आपल्या मुलाकडून शिकून घ्यावे. एखादे दिवशी त्याच्या शेजारी बसून खेळ पाहावा. शक्य तर दुसरे हेडफोन लावून ऐकावा. तो कोणाशी काय बोलतो आणि त्याला कोण काय बोलते, हे कळेल. मग कधी त्याने हेडफोन काढून ठेवले, तर ‘काही नाही’ या उत्तरावर आपण थांबणार नाही. आणि कदाचित तोही थांबणार नाही.