सिंगल बारवर शिकलेलं डबल बारवर

जिम्नॅस्टिक्सच्या वर्गाचं वेळापत्रक बहुतेक ठिकाणी साधनांवरून ठरतं. सोमवारी फ्लोअर, मंगळवारी व्हॉल्ट, बुधवारी बार. मुलांना सहा साधनं: फ्लोअर, पॉमेल हॉर्स, रिंग्ज, व्हॉल्ट, डबल बार आणि सिंगल बार. मुलींना चार: व्हॉल्ट, वरखाली बसवलेले अनइव्हन बार, बीम आणि फ्लोअर. स्पर्धेत गुण साधनागणिक मिळतात, म्हणून शिकवायचंही साधनागणिक, असा हा हिशोब. परिणाम असा होतो, की एका साधनावर महिनाभर घाम गाळून मूल जे कमावतं, ते दुसऱ्या साधनापाशी गेल्यावर पुन्हा श्रीगणेशापासून गिरवतं. आपण हेच आधी केलंय, हे त्याला कुणी सांगत नाही. ही मेहनत वाया जाते असं माझं स्पष्ट मत आहे, आणि पिपलानीसारख्या ठिकाणी तर ती मुळीच परवडणारी नाही.

पिपलानी म्हणजे भोपाळच्या पूर्वेकडची भेलची वसाहत. १९५६ साली नवा मध्य प्रदेश झाला, राजधानी भोपाळला आली आणि नागपूरच्या सचिवालयातली कितीतरी मराठी कुटुंबं बिऱ्हाड आवरून इकडे आली. त्याच वर्षी भेलची पूर्वज हेवी इलेक्ट्रिकल्स कंपनी स्थापन झाली. तिच्या कारखान्याभोवती पिपलानी, बरखेडा, गोविंदपुरा अशा वस्त्या वाढल्या आणि देशाच्या सगळ्या कोपऱ्यांतून कामगार, फोरमन, इंजिनिअर इथं राहायला आले. झाडं आहेत, मोकळी मैदानं आहेत, संध्याकाळी बाहेर पडणारी मुलं आहेत. बारा मीटर लांब आणि तितकाच रुंद स्प्रिंगचा फ्लोअर, अडीच मीटरहून उंच टांगलेल्या रिंग्ज, खाली जाड मॅट्स, असा सगळा संच मात्र कुठलीही वसाहत आपल्या मैदानावर बसवत नाही. साधनांची वाट बघत बसायचं ठरवलं, तर मुलांचं शिकण्याचं वय निघून जातं.

या अडचणीला एक चांगलं उत्तर कॅनडात तयार झालं. सस्कॅचेवान विद्यापीठातले कीथ रसेल आणि त्यांचे सहकारी यांनी जिम्नॅस्टिक्समधल्या असंख्य कौशल्यांची नावं बाजूला ठेवली आणि शरीर नेमकं काय करतं तेवढंच पाहिलं. त्यांना हालचालींचे मोजके गट सापडले: उतरणं म्हणजे लँडिंग, स्थिर राहणं, जागा बदलणं, उसळी, झोका आणि फिरणं. कुठलंही साधन घ्या, तिथली कसरत या सहांपैकी दोन-तीन गोष्टी जोडूनच झालेली असते. मग साधनांचे वार ठरवण्याऐवजी गटांचे वार ठरवता येतात. आज झोका, तो सिंगल बारवर, डबल बारवर, झाडाच्या फांदीला बांधलेल्या दोरीवर, जिथं मिळेल तिथं.

हे कागदावर सोपं दिसतं. प्रत्यक्षात कसं चालतं ते पाहायला किपइतकं चांगलं उदाहरण नाही. सिंगल बारला लटकलेल्या मुलानं वर चढून हातांच्या आधारावर यायचं, ही किप. नवखं मूल ते दंडाच्या जोरावर करू बघतं आणि फसतं. खरी रीत अशी: अंग लांब करून पुढे झोका घ्यायचा, झोका संपता संपता कंबरेत झटकन दुमडून घोटे बारपाशी आणायचे, आणि अंग मागं यायला लागलं की हात सरळ ठेवून बार मांड्यांवरून कंबरेपर्यंत सरकवायचा. पँट वर चढवतो तसा बार वर चढव, असं प्रशिक्षक सांगतात, आणि मुलांना ते लगेच कळतं. यात जोर येतो तो दुमडलेली कंबर उघडण्यातून. पाय वेगानं जातात, मग अडवले जातात, आणि त्यांचा वेग धडाकडे येऊन अख्खं शरीर वर ढकललं जातं.

आता डबल बारकडे या. दंडांवर टेकलेलं मूल, कंबर दुमडलेली, पाय डोक्याच्या वर. पाय पुढं-वर फेकायचे, कंबर उघडायची, हातांनी बार दाबायचे. मूल आधारावर येतं. मग जमिनीवर या. डोकं आणि तळहात मॅटवर टेकलेले, कंबर दुमडलेली, तोल किंचित पुढं जाऊ द्यायचा आणि पाय चाबकासारखे उघडायचे. मूल पायांवर उभं. तिन्ही ठिकाणी पकड वेगळी, उंची वेगळी, शेवट वेगळा, पण कंबर कधी उघडायची ही वेळ साधण्याचं काम एकच. ज्याला ती वेळ जमिनीवर अंगात भिनली, त्याला बारवर फक्त पकड आणि दिशा शिकायची उरते. इथं मॅटचा एक तुकडा आणि तालमीच्या कोपऱ्यातला एक बुटका बार पुरतो.

एका ठिकाणचं शिकणं दुसऱ्या ठिकाणी आपोआप उतरतं, असं मात्र कुणी समजू नये. एडवर्ड थॉर्नडाइक आणि रॉबर्ट वुडवर्थ या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी १९०१ मध्येच दाखवलं होतं, की सराव दुसरीकडे तेवढाच उपयोगी पडतो जेवढे दोन्ही कामांतले घटक खरोखर समान असतील. हँडस्टँडमध्ये, म्हणजे हातांवर उलटं उभं राहण्यात, हे स्वच्छ दिसतं. जमिनीवर तोल जायला लागला की बोटं जमिनीत रुतवून, मनगटावर जोर देऊन तो सावरतात. डबल बारवर हाताच्या मुठीत बार असतो, त्यामुळे मनगटाचं काम आणखी सोपं होतं. बीम फक्त दहा सेंटिमीटर रुंद. तिथं हात जवळ येतात आणि आजूबाजूला तोल सांभाळावा लागतो. रिंग्जवर तर टेकायला घट्ट असं काहीच नाही, हात जिकडे ढकलतील तिकडे रिंग पळते. तिथं सावरण्याचं काम खांद्यांकडे जातं. मग समान काय राहिलं? खांदे कानाशी उघडलेले, बरगड्या आत, पोट घट्ट, पाय सरळ जुळलेले. ही शरीराची रेघ चारही ठिकाणी तीच. म्हणून चांगला प्रशिक्षक आधी मुलाला भिंतीला पोट लावून उलटं उभं करतो आणि फक्त ही रेघ घडवतो. सावरण्याच्या युक्त्या साधनागणिक नंतर येतात.

सराव वेगवेगळ्या परिस्थितीत करून घ्यायचा, हाही भाग तितकाच महत्त्वाचा. रिचर्ड श्मिट यांनी १९७५ मध्ये मांडलेल्या सिद्धांतानुसार आपण एकेक हालचाल सुटी साठवत नाही. त्या जातीच्या हालचालींचा एक नियम मनात तयार होतो आणि जितक्या वेगवेगळ्या उंचीवरून, अंतरावरून, वेगानं सराव होईल तितका तो नियम पक्का होतो. उसळी शिकवायची तर पायरीवरून, रबरी टायरवरून, मॅटवरून, स्प्रिंगबोर्डवरून, सगळीकडून शिकवावी.

मोठ्या खेळाडूंनी हेच करून इतिहास घडवला आहे. जपानच्या मित्सुओ त्सुकाहारांनी १९७० मध्ये व्हॉल्टवर जी उडी आणली, तीत हात टेकताना अर्धी गिरकी होते आणि पुढं मागच्या दिशेनं समरसॉल्ट. फ्लोअरवरचा राउंड-ऑफ ज्यानं पाहिला आहे त्याला तो तिथं लगेच ओळखू येतो. १९७२ च्या म्युनिक ऑलिम्पिकमध्ये त्यांनी सिंगल बारवरून उतरताना गिरकीसह दुहेरी समरसॉल्ट मारला; त्याचं मूळ ट्रॅम्पोलिनच्या कसरतीत होतं. पुढं सोव्हिएत खेळाडू नताल्या युर्चेन्को यांनी राउंड-ऑफ स्प्रिंगबोर्डवरच मारला आणि फ्लिक घेत, म्हणजे मागं उलटत, हात व्हॉल्टवर टेकवले. फ्लोअरवर रोज केली जाणारी जोडी त्यांनी उचलून दुसऱ्या साधनावर ठेवली. आज मुलींच्या व्हॉल्टमध्ये ती जोडी नित्याची झाली आहे.

आपल्या आगरतळ्याच्या दीपा कर्माकरची रिओ ऑलिम्पिकमधली २०१६ ची प्रोदुनोव्हा उडी अनेकांनी श्वास रोखून पाहिली. ती चौथी आली, कांस्यपदक ०.१५० गुणांनी हुकलं. हात टेकून पुढं उसळी आणि मग पुढच्या दिशेनं दोन समरसॉल्ट. घटक वेगवेगळे पाहिले तर लहान वर्गातल्या मुलीही त्यातले पहिले दोन-तीन शिकत असतात. तिचे प्रशिक्षक बिश्वेश्वर नंदी यांनी सुरुवातीला जुन्या स्कूटरचे सुटे भाग जोडून साधनं बनवली होती. साधन नाही म्हणून थांबायचं नसतं, हे त्यांच्या कामातून दिसतं.

पण त्या उडीतला सगळ्यात धोक्याचा क्षण शेवटचा होता: उतरणं. म्हणूनच गटांच्या पद्धतीत मी लँडिंगला सगळ्यांच्या आधी ठेवेन. दुहेरी समरसॉल्टनंतर उतरताना पायांवर शरीराच्या वजनाच्या दहापटीच्या आसपास जोर येऊ शकतो, असं मोजमापांत आढळलं आहे. तो सोसायला शिकवायचं तर पहिल्या दिवसापासून, गुडघाभर उंचीवरून. पावलं खांद्याइतकी दूर, आधी चवडे मग टाच, गुडघे पावलांच्या दिशेनंच वाकतील, आत वळणार नाहीत, छाती वर, हात पुढं. तोल मागं गेलाच तर हात मागं टेकवून मनगट मोडून घ्यायचं नाही. हनुवटी छातीला लावून मागं कोलांटी घ्यायची. ही एवढी गोष्ट बीमवरून उतरताना, बारवरून सुटताना, व्हॉल्टनंतर आणि फ्लोअरवर अगदी तशीच लागते. मैदानातल्या झोपाळ्यावरून उडी मारतानाही लागते.

आणि पिपलानीतल्या मुलांकडे आणखी एक ठेवा आहे, तो मध्य प्रदेशचाच. २०१३ मध्ये राज्यानं मल्लखांबाला राज्य खेळाचा दर्जा दिला. ग्वाल्हेर, इंदूर, उज्जैन, धार, देवास, जिथं जिथं मराठी संस्थानं होती तिथं तालमीत खांब पुरलेला असायचा. जिम्नॅस्टिक्सशी त्याचं नातंही कागदोपत्री आहे. १९५८ मध्ये दिल्लीच्या राष्ट्रीय जिम्नॅस्टिक्स स्पर्धेत मल्लखांब दिसला, १९६२ मध्ये ग्वाल्हेरला त्याला त्याच स्पर्धेत स्थान मिळालं. पुढं दोघे वेगळे झाले आणि १९८१ मध्ये उज्जैनला मल्लखांबाची स्वतंत्र अखिल भारतीय स्पर्धा भरली. उज्जैनचे योगेश मालवीय २०२० च्या द्रोणाचार्य पुरस्काराचे मानकरी ठरले. मुंबईत शिवाजी पार्कच्या समर्थ व्यायाम मंदिरात मल्लखांब आणि जिम्नॅस्टिक्स एकाच छताखाली चालतात. तिथले उदय देशपांडे यांना २०२४ मध्ये पद्मश्री मिळाली.

मल्लखांबावरची साधी उडी घ्या. दोन्ही हातांनी खांब धरायचा, कंबर उचलून पाय डोक्यावरून वर न्यायचे आणि मांड्यांनी खांबाला अढी मारायची. डोकं खाली, नजर जमिनीकडे, आणि तरी कुठं काय आहे याचं भान सुटू द्यायचं नाही. उलटं होण्याची भीती जिथं मरते, ती जागा ही. पुढं हँडस्टँड, किप किंवा समरसॉल्ट शिकताना त्या मुलाचा अर्धा घोर आधीच मिटलेला असतो. दोरीच्या मल्लखांबात पायाचा अंगठा आणि शेजारचं बोट यांच्यामध्ये दोरी धरतात. पावलाची अशी जाणीव बीमवर कुणाला नको असेल? मयूरासन किंवा खांबावरचे फरारे करताना अंग ज्या ताणात धरावं लागतं, तो ताण रिंग्जवर लागतो.

जे मिळत नाही तेही सांगायला हवं. मल्लखांबात धावत येऊन स्प्रिंगबोर्डवर आदळण्याची उसळी नाही. सरळ हातांनी बारभोवती फिरणारा लांब झोकाही नाही. आणि पॉमेल हॉर्स तर सगळ्यांपासून फटकून राहतो: दोन्ही पाय जुळवून आडवं गोल फिरायचं, वजन एका हातावरून दुसऱ्यावर न्यायचं. त्याचं सख्खं भावंड दुसऱ्या साधनांवर क्वचितच भेटतं. तिथं आडमार्ग काढतात. वरून दोरीला बादली टांगून मुलाचे पाय तीत ठेवतात आणि हातांवर गोल फिरवतात. कंबर उचलून धरायची आणि हात वेळेत बदलायचे, एवढं त्यातून पक्कं होतं. ज्या झोक्याला नातलग कमी त्याला जास्त तास द्यावे लागतात, हे वेळापत्रकात आधीच धरून चालावं.

पालकांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: आमच्या मुलाला बारवर कधी चढवणार? या प्रश्नाच्या घाईत मुलांना लँडिंग पक्कं होण्याआधी उंचीवर चढवलं जातं आणि मनगटं, घोटे, गुडघे दुखावतात. हजेरीच्या वहीत साधनांच्या रकान्यांऐवजी लँडिंग, स्थिर, जागा बदलणं, उसळी, झोका, फिरणं असे सहा रकाने पाडले आणि महिन्याकाठी ते पालकांना दाखवले, तर विचारण्याचा सूर बदलतो. पिपलानीतल्या कुठल्याही मैदानात एक भिंत, चार मॅट्स, बुटका बार, पुरलेला खांब आणि एक दोरी मिळाली, की त्या सहाही रकान्यांत खूण पडायला सुरुवात होऊ शकते. भोपाळच्या टी. टी. नगर स्टेडियमसारख्या मोठ्या जागी जाण्याची वेळ येईल तेव्हा मूल तिथल्या नव्या साधनाशी पकड आणि उंचीपुरतीच ओळख करून घेईल.