कॅमेऱ्याआधी आईवडिलांची संमती

चऱ्होलीच्या नव्या सोसायट्यांत मुले कामावर गेली की घरी अनेकदा वयस्कर आईवडीलच उरतात. काळजीपोटी हॉलमध्ये, कधी बेडरूममध्येही कॅमेरा लागतो.

खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी स्पष्ट केले. मात्र २०२३चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा घरगुती वापराला लागू होत नाही. म्हणून संमती घरातच विचारायला हवी.

आई पडली, हे कॅमेरा दाखवतो. पडणे थांबवत नाही. त्यासाठी बाथरूममध्ये धरायला दांडा, न घसरणारी फरशी आणि रात्रीचा दिवा हवा. कॅमेरा लावायचाच, तर तो कुठे असावा, कधी बंद राहावा आणि कोणी पाहावा, हे आईवडिलांनीच ठरवावे.